चक्रकरवतीचा गृहप्रवेश

ओंडक्याची फळी करणे हे सुतारकामातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी वाखाणले गेलेले काम होय. देव्हाऱ्याची महिरप किंवा वाड्याच्या चौकटीवरील गणेशपट्टी पाहणारा मनुष्य पटाशीला दाद देतो. पण ज्या फळीवर ती पटाशी चालली, ती फळी सरळ आणि एकसारख्या जाडीची निघावी म्हणून कोणी किती घाम गाळला, याची विचारपूस तो करीत नाही. बारा बलुतेदारांच्या यादीत सुताराला जागा आहे. नुसती करवत ओढणाऱ्याला वेगळी जागा नाही. ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर आडवा टाकावा, गेरूत भिजवलेली दोरी ताणून सोडून त्यावर रेघ उमटवावी, एकाने वर उभे राहून करवतीचे वरचे टोक धरावे आणि दुसऱ्याने खाली उभे राहून, डोळ्यांत पडणारा भुसा मुकाट्याने सोसत, खालचे टोक ओढावे, हा क्रम आपल्याकडे होता तसाच इंग्लंडातही होता. खालच्याने बल पुरवायचे आणि वरच्याने दिशा राखायची, अशी ही वाटणी होती. आज बाजारात ज्याला टेबल-सॉ म्हणतात त्या यंत्राचा इतिहास म्हणजे या दोघांच्या जागा यंत्राने कशा भरून काढल्या याचा वृत्तांत होय. आणि तो पाहू जाता असे ध्यानात येते की, खालच्या माणसाची जागा लवकर व स्वस्तात भरली गेली, वरच्याची जागा भरायला फार काळ लागला, आणि ती आजही स्वस्तात भरत नाही.

बलाचा प्रश्न सोळाव्या शतकाच्या अखेरीसच सुटू लागला होता. १५९३ साली हॉलंडमधील कॉर्नेलिस कॉर्नेलिझून याने पवनचक्कीच्या फिरत्या गतीचे वर-खाली गतीत रूपांतर करून करवत चालवण्याची युक्ती सनदेने आपल्या नावावर करून घेतली, आणि डच जहाजबांधणीच्या भरभराटीला या युक्तीचा मोठाच हातभार लागला. इंग्लंडातील करवत्यांना मात्र तिच्यात आपल्या पोटावरचा पाय दिसला. चार्ल्स डिंगली नावाच्या व्यापाऱ्याने लंडनजवळ लाइमहाउस येथे वाऱ्यावर चालणारी लाकडाची गिरणी उभारली, तेव्हा १७६८च्या मे महिन्यात करवत्यांच्या जमावाने ती मोडून टाकली. तथापि या सर्व गिरण्यांतील पाते सरळच होते, आणि सरळ पात्याची अर्धी फेरी वाया जाते, कारण दात एकाच दिशेने कापतात. पाते चाकासारखे वाटोळे करून एकाच दिशेने फिरवत ठेवले तर ही नासाडी टळते. १७७७ साली इंग्लंडात सॅम्युएल मिलर याने घेतलेल्या पेटंटात अशा वाटोळ्या करवतीचा उल्लेख येतो, आणि तोही जणू वस्तू परिचितच आहे अशा थाटात. साउदॅम्प्टनचे वॉल्टर टेलर त्या सुमारास आरमारासाठी लाकडी कप्प्या बनवताना अशीच करवत वापरीत होते. अमेरिकेत या शोधाचे श्रेय शेकर पंथातील टॅबिथा बॅबिट या बाईंना देण्याचा प्रघात आहे; पण त्या कथेत सांगितले जाणारे साल १८१३ असल्यामुळे, कथा कितीही मनोहर असली तरी कालक्रम तिला साक्ष देत नाही.

वरच्या माणसाची जागा घेण्याचा पहिला व्यवस्थित विचार केला तो सॅम्युएल बेंथम याने. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याचा हा धाकटा भाऊ; आणि त्याच्या यंत्रविद्येमागे एक चमत्कारिक प्रेरणा होती. थोरल्या भावाने कल्पिलेल्या आदर्श तुरुंगात, ज्यांनी जन्मात कधी हत्यार धरले नाही अशा कैद्यांकडून, सुतारकाम करवून घ्यावयाचे होते. कारागिरी माणसाच्या हातात नाही, ती शिकवायला सवड नाही, तेव्हा ती यंत्रातच भरली पाहिजे, या विचारातून त्याने १७९३ साली जे विस्तृत पेटंट घेतले त्यात आजच्या टेबल-सॉची सगळी अंगे नमूद आहेत: सपाट मेज, त्याला पाडलेली फट, त्या फटीतून डोके वर काढणारे वाटोळे पाते, पात्याशी समांतर सरकणारी मार्गपट्टी, आणि तिरक्या कापासाठी कोन लावून सरकवता येणारी दुसरी पट्टी. फळीची कड त्या समांतर पट्टीला टेकवून पुढे ढकलली की गेरूच्या रेघेची गरजच उरत नाही. घरी हौसेने सुतारकाम करणारा आजचा गृहस्थ कैदी नसला तरी, कारागिरीच्या बाबतीत बेंथमने ज्याच्यासाठी यंत्र योजिले त्याच्याच पंगतीत बसतो. म्हणून त्याच्या दृष्टीने या यंत्राचा प्राण पात्यात किंवा मोटारीत नसून त्या पट्टीत आहे.

बेंथम पुढे आरमाराच्या बांधकामाचा महानिरीक्षक झाला, आणि त्याच्या अमदानीत पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल व हेन्री मॉडस्ले यांनी कप्प्या बनवण्याचा तो प्रसिद्ध यांत्रिक कारखाना उभा केला, जेथे १८०८च्या सुमारास वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या होऊ लागल्या आणि ११० माणसांचे काम १० माणसांवर आले असे सांगतात. त्याच ब्रिटिश आरमारासाठी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे नौकाशिल्पी मलबारी सागाची जहाजे बांधीत होते. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली आहे. मुंबईच्या सागाची आणि पोर्ट्समथच्या यंत्रांची कीर्ती एकाच दर्यावर नांदत होती खरी, परंतु चक्रकरवत त्या काळी सरकारी गोदीत किंवा भांडवलदाराच्या गिरणीतच परवडणारी होती. वाफेचे इंजिन, त्याचा लांबच लांब दांडा आणि चामडी पट्टे यांचा सरंजाम कोणत्या गृहस्थाच्या पडवीत मावणार?

तिला घरात आणले विजेच्या मोटारीने. १९१९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात हर्बर्ट टाउट्झ याने ‘डेल्टा’ नावाची कंपनी काढली, आणि हौशी माणसाला झेपतील अशी लहान यंत्रे बनवण्याचा तिने परिपाठ घातला. १९३०च्या दशकातील महामंदीने लोकांची मिळकत कमी केली आणि रिकामा वेळ वाढवला. बाजारात विकत घेण्यापेक्षा घरी करावे ही वृत्ती बळावली, आणि ‘डेल्टाग्राम’सारखी नियतकालिके तळघरात कपाट कसे करावे याचे धडे देऊ लागली. १९३९ साली याच कंपनीचे ‘युनिसॉ’ हे यंत्र आले. तोवर तिरका काप घ्यायचा तर बहुधा मेजच कलते करावे लागे आणि जड फळी त्या उतारावर सावरताना माणसाची तारांबळ उडे. आता मेज स्थिर राहून पातेच कलू लागले. युद्धानंतर, १९४७ साली, जर्मनीतून अमेरिकेस आलेल्या हान्स गोल्डश्मिट याने ‘शॉपस्मिथ’ हे पंचकर्मी यंत्र बाजारात आणले, ज्यात एकाच मोटारीवर करवत, चरक, घासचकती आणि आडवा-उभा गिरमिट यांची सोय होती. पुढे जड मोटारीऐवजी मिक्सरात असते त्या जातीची हलकी, कर्कश मोटार थेट पात्याला जोडली गेली, ओतीव लोखंडाच्या मेजाऐवजी ॲल्युमिनियम आले, आणि एका माणसाने उचलून मोटारीच्या डिकीत टाकावा असा टेबल-सॉ तयार झाला. टंग्स्टन कार्बाइडची टोके लावलेली पाती सर्वत्र मिळू लागल्यावर दर आठवड्याला कानशीने दात घासण्याचा जाचही संपला.

बल स्वस्त झाले, धार स्वस्त झाली; आणि स्वस्त यंत्राचा कारखानदार काटकसर करू लागला ती नेमकी दिशेच्या खात्यात. मार्गपट्टी, जिला आता सुतारही फेन्सच म्हणतात, ही दिसायला साधी ॲल्युमिनियमची पट्टी. जाहिरातीत तिचे वर्णन कोणी वाचत नाही, अश्वशक्तीचा आणि पात्याच्या व्यासाचा आकडा तेवढा वाचतात. ही पट्टी सरकवून खटका दाबला असता तिचे मागचे टोक पात्याकडे किंचित वळत असेल, तर फळी पात्यात आणि पट्टीत पाचरीसारखी अडकते. महागड्या यंत्रांतही हा दोष इतका रुळलेला होता की १९७०च्या दशकाच्या अखेरीस ॲरिझोनातील बिल बीसमायर याने इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, पुढच्याच दांड्यावर घट्ट बसून आपोआप काटकोन राखणारी फेन्स बनवली, तेव्हा जुन्या यंत्रांचे मालक आपली मूळची फेन्स काढून ती बसवून घेऊ लागले.

पट्टी वाकडी असण्याचा परिणाम फळी वाकडी निघण्यावरच थांबता तर त्याबद्दल इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली, मेजावर दाबतात. पण मागचे दात वर येत असतात, आणि लाकूड त्यांच्यावर रेटले गेले तर ते उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. दहा इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरांच्या घरात जातो. फळी त्या वेगाने परतते, आणि कधी कधी तिच्यावर ठेवलेला हात जागच्या जागी पात्यावर ओढला जातो. याला उपाय जुनाच आहे. पात्याच्या पाठीमागे, त्याच्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी करावी, म्हणजे कापाच्या फटीत ती शिरून फळीचे दोन भाग मिटू देत नाही आणि मागच्या दातांना लाकूड सापडत नाही. रायव्हिंग नाइफ म्हणतात ती हीच. १९२२ साली इंग्लंडात लाकूडकामाच्या यंत्रांविषयी जे नियम झाले त्यांनी ही पट्टी सक्तीची केली, आणि आपल्याकडे १९४८च्या कारखाने-कायद्याखाली केलेल्या नियमांत तो दंडक जवळजवळ त्याच शब्दांत उतरला. परंतु अशा कायद्याचा अंमल कारखान्याच्या फाटकापाशी संपतो. पडवीतल्या यंत्राची तो दखल घेत नाही. खुद्द अमेरिकेत, जिथे हे यंत्र घरोघरी पोचले तिथे, नव्या बनावटीच्या टेबल-सॉला ही पट्टी मानकाने आवश्यक ठरली ती २००८ नंतर.

मधल्या काळाची किंमत लोकांनी बोटांनी चुकवली. टेबल-सॉच्या इजांसाठी अमेरिकेत वर्षाकाठी सुमारे ३० हजार लोक इस्पितळात धाव घेतात, असा तेथील सरकारी अंदाज आहे. स्टीव्ह गॅस नावाच्या, पदार्थविज्ञान शिकलेल्या पेटंट-वकिलाने पात्यात सूक्ष्म विद्युत्संकेत खेळता ठेवून, त्याला कातडीचा स्पर्श होताच ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसवून पाते काही सहस्रांश सेकंदांत थांबवण्याची युक्ती काढली. मोठ्या कारखानदारांनी ती घेण्यास नकार दिल्यावर त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून स्वतःच अशी यंत्रे विकण्यास आरंभ केला. २०१० साली बॉस्टनच्या न्यायालयात, हलक्या किमतीच्या टेबल-सॉवर हाताला गंभीर इजा झालेल्या एका फरशी-कामगाराला पंचांनी १५ लाख डॉलर देवविले, आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा वाटाही ठरवून दिला. कारण तो फेन्स आणि पात्यावरचे झाकण यांच्यावाचूनच लाकूड कापीत होता. आपल्याकडे फर्निचरचे काम चालू असलेल्या कोणत्याही सदनिकेत डोकावले तर याहून बिकट प्रकार दृष्टीस पडतो: फरशी कापण्याचे कटर मशीन प्लायवूडच्या तुकड्याखाली उलटे स्क्रूने आवळलेले, वर लाकडाचे चार इंची पाते उघडे, खटका कायम दाबून बांधलेला, आणि फेन्सच्या नावाने एक ठोकलेली रीप. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारे हे पाते म्हणजे दिशेचे आणि संरक्षणाचे दोन्ही खर्च शून्यावर आणलेला टेबल-सॉ होय.

थोड्या पैशांत यंत्र घेऊ इच्छिणाऱ्याने म्हणून दुकानात मोटारीचा आवाज ऐकण्याआधी एक फूटपट्टी हाती घ्यावी. मेजाला कोनपट्टी सरकवण्यासाठी जी खाच असते तीच प्रमाणरेषा मानावी. यंत्राची पिन सॉकेटमधून काढून पात्याच्या एका दातावर पेनाची खूण करावी, तो दात पुढे आणून खाचेपासून त्याचे अंतर मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा व पुन्हा मोजावे. फेन्सही सरकवून, आवळून, पुढून आणि मागून त्याच खाचेपासून मोजावी, सैल करावी, पुन्हा आवळावी, आणि तिच्या मागच्या टोकाला अंगठ्याने रेटा देऊन पाहावा. पात्याचा फरक पेच सैल करून दुरुस्त होण्याजोगा असतो. दर खेपेस निराळे माप दाखवणारी फेन्स मात्र दुरुस्त होत नाही. रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर वर-खाली आणि तिरकी होते की नाही, हेही तेथेच तपासावे. घरी आणल्यावर पाते फळीच्या जाडीपेक्षा थोडेच वर ठेवावे, त्याच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूला राहावे, अरुंद तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकलावा, आणि आडवा काप घेताना फेन्सला टेकू न देता कोनपट्टीचाच आधार घ्यावा.

आणि जमाखर्च मांडून असे दिसले की खिशातल्या रकमेत मोटार येते पण खात्रीची फेन्स आणि ती पोलादी पट्टी येत नाही, तर ते यंत्र स्वस्त नसून अपुरे आहे असे समजावे. अशा गृहस्थाने तूर्त फळ्या वखारीतून हव्या त्या रुंदीच्या चिरून आणाव्यात आणि उरलेले काम हातकरवतीने करावे. हातकरवत सावकाश चालते, तिची रेघ राखण्याचे काम अजूनही माणसालाच करावे लागते, पण ती चुकली तर बहुतेक वेळा नुकसान लाकडाचेच होते.