आज्ञा आणि पोच : तबकडी वाजवणाऱ्या यंत्रातून ‘स्मार्ट’ घर कसे जन्मले?

चित्रपट सुरू होताच दिवाणखान्यातले दिवे मंदावतात. दारावरची घंटा वाजली की चित्रपट आपोआप थांबतो. अशा घराला आज ‘स्मार्ट होम’ म्हणतात. सर्वसाधारण समज असा, की प्रथम दिवे आणि पंखे हुकमात आले व गाणी-चित्रपट वाजवणारी यंत्रे त्यांत मागाहून सामील झाली. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. दिव्यांच्या आधी तबकडी आली.

स्थळ : स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस. १९७० मध्ये काही अभियंत्यांनी येथे ‘पिको इलेक्ट्रॉनिक्स’ ही छोटी कंपनी काढली. कॅल्क्युलेटरच्या चिप बनवणे हा तिचा मुख्य व्यवसाय. प्रत्येक प्रकल्पाला ‘एक्स’ आणि पुढे अनुक्रमांक, एवढेच नाव. पहिले आठ प्रकल्प कॅल्क्युलेटरच्या चिपांत गेले. नववा वेगळा निघाला. ब्रिटनमध्ये रेकॉर्ड प्लेअर बनवणाऱ्या ‘बीएसआर’ या मोठ्या कंपनीसाठी, हवे ते गाणे स्वतः शोधून वाजवणारे यंत्र तयार करण्याचा तो प्रकल्प होता.

तबकडीवरचे चौथे गाणे ऐकायचे तर माणसाने उठावे, सुईचा दांडा उचलावा आणि दोन गाण्यांमधली गुळगुळीत पट्टी नजरेने हेरून सुई अलगद तिथे टेकवावी, अशी तोवरची रीत होती. हात थरथरला की तबकडीवर ओरखडा. नव्या यंत्राने हे काम प्रकाशाकडे सोपवले. सुईच्या अग्राजवळून तबकडीवर किरण पडे. खोबणींवर तो विखुरला जाई, पण मधल्या गुळगुळीत पट्टीवरून सरळ परावर्तित होई. परावर्तने मोजली की कितवे गाणे आले ते यंत्राला कळे. १९७६ च्या सुमारास ‘ॲक्युट्रॅक ४०००’ या नावाने हे यंत्र बाजारात आले. सोबत दूरनियंत्रकही होता. श्रोता खुर्चीत बसून गाण्यांचा क्रम सांगे आणि यंत्र तो पाळी.

दूरनियंत्रक ही कल्पना मात्र त्या वेळी नवी नव्हती. अमेरिकेतील ‘झेनिथ’ कंपनीत यूजीन पॉली यांनी १९५५ मध्ये प्रकाशझोताने दूरचित्रवाणी संच चालवून दाखवला होता. पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदकांवर झोत टाकायचा, अशी ती योजना. खिडकीतून आलेले ऊनही संवेदकांवर पडे आणि संच आपल्या मर्जीने वाहिन्या बदलू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी ध्वनीचा मार्ग धरला. त्यांच्या नियंत्रकात बॅटरीसुद्धा नव्हती. कळ दाबली की इवलीशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा उच्च स्वर उमटे. चार कांड्या, चार आज्ञा. तो स्वर ओळखण्यासाठी संचात सहा जादा निर्वात नळ्या बसवाव्या लागत व किंमत सुमारे तीस टक्क्यांनी वाढे. खुर्चीतून न उठण्याची ही किंमत लोकांनी आनंदाने मोजली, हे मनुष्यस्वभावाबद्दल बरेच काही सांगून जाते.

ग्लेनरॉथेसच्या अभियंत्यांना मात्र पुढचा प्रश्न पडला. खोलीच्या या टोकावरून तबकडी ऐकते, तर दिवे का ऐकू नयेत? दिव्यापर्यंत नवी तार ओढायची तर भिंती फोडाव्या लागणार. परंतु विजेची तार तर प्रत्येक दिव्यापर्यंत आधीच गेलेली असते. आज्ञा त्याच तारेतून पाठवता आली तर? १९७५ मध्ये या विचारातून दहावा प्रकल्प उभा राहिला आणि त्याचे अनुक्रमांकी नावच पुढे जगभर रूढ झाले : ‘एक्स-१०’. १९७८ पासून अमेरिकेतील ‘रेडिओ शॅक’ आणि ‘सिअर्स’ यांच्या दुकानांतून ते विकले जाऊ लागले.

त्याची रीत विलक्षण काटकसरी होती. घरातील विजेचा प्रवाह दर सेकंदाला अनेकदा दिशा पालटतो आणि प्रत्येक पालटाच्या वेळी क्षणभर शून्यावर येतो. त्या शांत क्षणी १२० किलोहर्ट्झचा छोटा स्पंद तारेत सोडायचा. स्पंद आहे की नाही, यावरून आज्ञेचे एकेक अक्षर जुळे. घरासाठी १६ सांकेतिक अक्षरे, उपकरणांसाठी १६ क्रमांक, म्हणजे एकूण २५६ पत्ते. एक आज्ञा पुरी पोहोचायला पाऊण सेकंद लागे. एकाच रोहित्रावर दोन घरे असली आणि दोघांनी योगायोगाने तेच अक्षर निवडले, तर शेजाऱ्याने कळ दाबताच यांच्याकडचा दिवा लागे.

खरी उणीव मात्र वेगळीच होती. मूळ एक्स-१० मध्ये आज्ञा जाई, पण पोच येत नसे. दिवा लागला की नाही, हे नियंत्रकाला कळण्याची सोय नव्हती. दिव्याच्या बाबतीत हे खपून जाते, कारण तो डोळ्यांना दिसतो. गाणी वाजवणाऱ्या यंत्राचे तसे नाही. ते चालू आहे की थांबले आहे, आवाज किती आहे, कोणते गाणे चालले आहे, हे ठाऊक नसताना दिलेली आज्ञा म्हणजे अंधारात मारलेला दगड. ज्या यंत्रामुळे ही व्यवस्था सुचली, त्याला ती केवळ चालू आणि बंद करू शके.

पुढे अवरक्त किरणांचे रिमोट आले. टेबलावर टीव्हीचा एक, व्हीसीआरचा एक, ॲम्प्लिफायरचा एक अशी रांग लागली. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी १९८७ मध्ये इतर रिमोटांच्या खुणा शिकून घेणारा ‘कोअर’ हा एकच रिमोट बाजारात आणला. तरी पोचेचा प्रश्न तसाच राहिला. बहुतेक यंत्रांना ‘चालू’ आणि ‘बंद’ यांसाठी एकच कळ असे. टीव्ही आधीच चालू असला, तर ‘सगळे सुरू कर’ ही आज्ञा त्याला नेमकी बंद करी. २००१ मध्ये कॅनडात जन्मलेल्या ‘हार्मनी’ रिमोटने यावर तोड काढली : कोणते यंत्र कोणत्या स्थितीत आहे, हे रिमोटनेच लक्षात ठेवायचे. ही स्मृती खरे तर अनुमान होते. कुणी हाताने टीव्ही बंद केला की अनुमान चुके. म्हणून त्यावर मदतीची एक कळ होती. ती दाबली की रिमोट स्वतःच प्रश्न विचारी : टीव्ही सुरू झाला का? यंत्राला माणसाकडून पोच मागावी लागत होती.

याच २००१ साली कॅलिफोर्नियातील ‘स्लिम डिव्हायसेस’ या छोट्या कंपनीने या प्रश्नाला बगल देऊन निराळाच मार्ग धरला. तिचा ‘स्लिमपीथ्री’ हा संगीतवादक जवळजवळ अजाण होता. त्याच्यात गाणी नव्हती आणि बुद्धीही नव्हती. गाणी घरच्या संगणकावर. कोणते गाणे कुठवर आले, आवाज किती, ही सारी नोंद त्याच संगणकावरील सर्व्हरकडे. वादकाने घरातील नेटवर्कवरून ते मागवून वाजवायचे. पुढे याच घराण्यातील वादक ‘स्क्वीझबॉक्स’ या नावाने ओळखले गेले.

या रचनेत दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. एक म्हणजे सर्व्हरचा संगणकीय मजकूर खुल्या परवान्याखाली सर्वांना उपलब्ध होता. दुसरी गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल अशी : सर्व्हरशी साध्या अक्षरांत बोलता येई. ‘थांब’ किंवा ‘आवाज चाळीसवर आण’ अशा अर्थाची एक ओळ पाठवली की काम होई आणि उत्तरादाखल एक ओळ परत येई. शिवाय कुठल्याही प्रोग्रॅमला ‘जे घडेल ते मला कळवत राहा’ असे सांगून नुसते ऐकत बसता येई. कुणी वादकाची कळ हाताने दाबली तरी तत्काळ वार्ता पोहोचे. पंचवीस वर्षे राहिलेली पोच अखेर आली. लॉजिटेक कंपनीने आधी २००४ मध्ये हार्मनी आणि मग २००६ मध्ये स्लिम डिव्हायसेस विकत घेतली. अनुमान करणारा आणि उत्तर देणारा असे दोन्ही पंथ एका छताखाली आले.

२०१३ मध्ये पाउलस स्खाउत्सन यांनी ‘होम असिस्टंट’ हा खुला प्रकल्प सुरू केला. घरातच ठेवलेल्या छोट्या संगणकावर चालणारा हा कारभारी प्रत्येक यंत्राची स्थिती विचारून घेतो आणि तिच्यावरून पुढची कृती ठरवतो. वाजत आहे, थांबलेले आहे, स्वस्थ आहे, बंद आहे, अशा मोजक्या शब्दांत कोणताही वादक मावतो, मग तो स्क्वीझबॉक्स असो वा चित्रपट दाखवणारा ‘कोडी’. चित्रपट ‘थांबलेला’ झाला की दिवे उजळतात. म्हणजे येथे वादक आज्ञाधारक राहत नाही. तो वर्दी देतो आणि घर त्याप्रमाणे वागते.

पण पोच येते ती कुठून? बाजारातील अनेक व्यवस्थांत आज्ञा घरातून निघते, दूरदेशीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत त्याच खोलीतील यंत्राकडे येते. ‘रिव्हॉल्व्ह’ हे सुमारे ३०० डॉलरचे नियंत्रक-यंत्र असेच होते. २०१४ मध्ये ‘नेस्ट’ने ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा बंद केली. यंत्र शाबूत, वीज शाबूत, नेटवर्क शाबूत. तरीही त्या दिवसापासून दिवे ऐकेनासे झाले. लोकांनी पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या निर्णयाने निर्जीव झाली. याला केवळ ‘सेवा समाप्ती’ म्हणणे फार सौम्य आहे.

स्क्वीझबॉक्सवरही ही वेळ आली, पण तिची गत निराळी झाली. लॉजिटेकने २०१२ मध्ये हे वादक बनवणे थांबवले. हार्मनी रिमोटचे उत्पादनही २०२१ मध्ये संपले. २०२४ मध्ये स्क्वीझबॉक्सची कंपनीकडील ऑनलाइन सेवा मिटली. ज्यांच्या घरी स्वतःचा सर्व्हर नव्हता आणि जे केवळ त्या सेवेच्या भरवशावर रेडिओ ऐकत, त्यांचे वादक मुके झाले. ज्यांच्या कपाटात जुन्या संगणकावर सर्व्हर चालू होता, त्यांच्या घरी गाणी त्याही दिवशी वाजत राहिली आणि होम असिस्टंटला पोच मिळत राहिली. खुल्या परवान्यामुळे तो मजकूर स्वयंसेवकांच्या हाती होताच. त्यांनी त्याच वर्षी त्याचे नाव ‘लायरियन म्युझिक सर्व्हर’ असे ठेवले. ज्यांचे वादक मुके झाले होते, त्यांतील कित्येकांनी मग हाच सर्व्हर घरच्या संगणकावर बसवला आणि बारा-पंधरा वर्षांपूर्वीची ती यंत्रे पुन्हा गाऊ लागली.