फोडण्यासाठी केलेली मोहर

गुजरातेतील भाल प्रांतात, सरगवाला गावच्या शिवारात, पुरातत्त्व खात्याच्या वतीने एस. आर. राव यांनी 1955 पासून लोथलचे जे उत्खनन चालविले, त्यात एका उंच ओट्यावरील वखारीचे अवशेष उघडे पडले, आणि तेथे भाजक्या मातीचे सुमारे 65 मुद्रांकित गोळे हाती लागले. यांतला एखादा गोळा समोरून पाहिला तर सिंधू लिपीची अक्षरे आणि एखादा पशू उमटलेला दिसतो. पण तोच पालथा केला की कापडाची वीण, बोरूच्या चटईच्या काड्या, पिळदार सुतळीचा पेड आणि गाठीचा फुगवटा असा सगळा बारदानाचा ठसा चार हजारांहून अधिक वर्षांनंतरही बोटाला जाणवतो. गाठोडे बांधून झाले की गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापावयाचा, त्यावर दगडी मुद्रा दाबावयाची, आणि माल पोहोचला की घेणाऱ्याने ती माती फोडून टाकून द्यावयाची, असा हा व्यवहार. दगडी मुद्रा मालक जिवापाड जपत असेल; मातीचा गोळा मात्र फुटण्यासाठीच केलेला होता, आणि तो न फुटता पोहोचला एवढीच त्याची चाकरी. वखारीला आग लागली, माती भाजून निघाली, म्हणूनच ही एरवी विरघळून जाणारी वस्तू आपल्यापर्यंत आली.

ही मोहर एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ शके : वाटेत कोणी हात घातला काय? माल आता कोठे आहे, हा दुसरा प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचा होता. या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केलेला मला प्रथम आढळतो तो कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी ज्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली (तिचा पहिला भाग 1960 साली निघाला), त्यातील शुल्काध्यक्षाचे प्रकरण जकातीच्या नाक्यावर ज्याने अर्धा दिवस काढला असेल त्याने अवश्य वाचावे. नगरद्वाराशी ध्वज लावलेली शुल्कशाला. तेथे बसलेले चारपाच कारकून. आणि सार्थ, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, येऊन ठेपताच त्यांनी लिहून घ्यावयाचा तपशील असा, की व्यापारी कोण, कोठले, माल किती, आणि पहिली मुद्रा कोठे झाली. मुद्राच नसेल तर दुप्पट भरणा. मुद्रा खोटी निघाली तर शुल्काच्या आठपट दंड. आणि ती फुटलेली असेल तर धन्याला एका ठराविक जागी तिष्ठत ठेवण्याची शिक्षा.

परंतु कौटिल्याचा मुद्रेवर पुरा भरवसा नव्हता, आणि खरी गंमत पुढेच आहे. सीमेवरचा अंतपाल माल तपासून, त्यावर मुद्रा करून, तो पुढे रवाना करतो. इकडे व्यापाऱ्याच्या वेषातला हेर, ज्याला ग्रंथात ‘वैदेहकव्यंजन’ म्हटले आहे, त्याच सार्थाची वर्दी परस्पर राजाकडे धाडतो. राजा ती शुल्काध्यक्षाच्या कानी घालतो. आणि तांडा वेशीशी पोहोचण्यापूर्वीच शुल्काध्यक्ष सामोरा जाऊन व्यापाऱ्याला त्याच्याच मालाची यादी ऐकवतो व हा राजाचा प्रभाव आहे, येथे काही लपत नाही, असे बजावतो. राजाची सर्वज्ञता गाजविण्यासाठी हे करावे, असे ग्रंथकार निःसंकोच सांगतो! मुद्रा मालाला बांधलेली आणि मुकी. हेर बोलका, पण मालापासून सुटा. या दोहोंची सांगड घालण्यास पुढे दोन हजार वर्षे लागली.

मधल्या काळात कागदाचे राज्य झाले. दस्तक, परवाना, रहदारी हे आपल्या दप्तरांतले शब्द त्याच राज्यातले, आणि लाखेने बंद केला म्हणून ‘लाखोटा’ हा शब्द तर अजून जिभेवर आहे. कागदाची उणीव अशी की त्याची आणि मालाची गाठ पडलेली नसते. फर्रुखसियर बादशहाच्या 1717 च्या फर्मानाने इंग्रज कंपनीला बंगाल्यात जकातमाफी मिळाली, तेव्हा कंपनीच्या नोकरांनी तीच दस्तके आपल्या खासगी व्यापाराला आणि आपल्या गुमास्त्यांसाठी बिनदिक्कत वापरली. बंगालचा नवाब मीर कासिम याने त्रासून 1763 साली सर्वांचीच जकात माफ केली, आणि पुढल्याच वर्षी इंग्रजांशी बक्सारची लढाई झाली. लढाईला इतरही कारणे होती, हे खरे. पण गठ्ठ्यावर मोहर नसून माणसाच्या हातात कागद असला की काय होते, याचा इतका महाग दाखला दुसरा मिळणार नाही.

आगगाडीने मोहर परत आणली. वाघिणीच्या दाराला तार ओवून शिशाचे सील दाबले जाई, आणि नुकसानभरपाईच्या दाव्यात ‘सील शाबूत होते काय’ या एका प्रश्नावर पुष्कळदा निकाल लागे. वाघीण कोठे आहे हे मात्र तार केल्यावाचून कळत नसे. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी 1967 पासून डब्यांच्या अंगावर रंगीत पट्ट्या लावून त्या यंत्राकडून वाचून घेण्याचा घाट घातला; धुळीने आणि काजळीने दहाएक वर्षांत तो बुडविला. 1991 च्या आखाती युद्धात त्याच देशाच्या सैन्याने धाडलेल्या हजारो कंटेनरांपैकी निम्म्याहून अधिक, आत काय आहे हे कळावे म्हणून वाळवंटात उघडावे लागले. त्यानंतर मालाच्या पेटीवरच रेडिओची चिठ्ठी लावण्याचा विचार नेटाने पुढे गेला.

आपल्याकडे सीमाशुल्क खात्याने 2017 साली निर्यातदारांना आपला कंटेनर स्वतःच मोहरबंद करण्याची मुभा दिली आणि त्यासाठी आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारे, इलेक्ट्रॉनिक सील सक्तीचे केले. अंगठ्याएवढ्या जाडीचा लोखंडी खिळा, त्याच्या टोपणात चिप आणि बारीक अँटेना. बंदराच्या फाटकावर वाचकयंत्राने पुकारले की ते आपला क्रमांक सांगते, आणि कटरने खिळा तोडला की कायमचे निकामी होते. सील लावताना निर्यातदाराने भरावयाचा तपशील पाहावा : निर्यातदार कोण, शिपिंग बिल कोणते, कंटेनर आणि ट्रेलर कोणता, कोणत्या दिवशी किती वाजता सील केले. शुल्कशाळेतल्या त्या चारपाच कारकुनांची वहीच ही, फार तर शाई बदलली.

तरीही हे सील विचारल्यावाचून बोलत नाही. आपणहून बोलणारा हेर बसतो तो कंटेनरच्या आत. नाशिकची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या रीफर कंटेनरात भरून न्हावाशेव्याहून रॉटरडॅमकडे निघतात, तेव्हा खोक्यांच्या थरात हाताच्या पंजाएवढी एक डबी ठेवली जाते, जिला पॅकहाउसातले लोक नुसते ‘लॉगर’ म्हणतात. जुन्या लॉगरचे टिपण माल उतरल्यावरच वाचता येई. नव्या जातीत तापमापकाबरोबर मोबाइलचे सिम आणि लिथियमची बॅटरी असते. भर समुद्रात टॉवर नसतो, म्हणून ती मुकाट्याने टिपण ठेवते, आणि किनाऱ्याची रेंज लाभताच सगळी हकिगत एकदम धाडून देते. अमुक रात्री तापमान चढले, अमुक ठिकाणी दार उघडून उजेड शिरला, हे बागायतदाराला आणि खरेदीदाराला एकाच वेळी कळते, आणि ‘माल मुळातच मऊ होता’ या जुन्या सबबीला कागद दाखवून उत्तर देता येते. मुद्रा आणि वैदेहकव्यंजन येथे एकाच डबीत नांदतात.

ही डबी परत कोणी मागवीत नाही. तिला आणविण्याचा खर्च तिच्या किमतीला परवडत नाही. रॉटरडॅमच्या गोदामात खोकी फोडणारा कामगार ती पुठ्ठ्यांबरोबर कचऱ्यात टाकतो, आणि बंद करावयाची राहिली तर बॅटरी संपेपर्यंत ती त्या ढिगाऱ्यातून आपले ठिकाण आणि तापमान कळवीत राहते.