पहिली स्पोर्टी गाडी : सेकंडहँड खरेदी करताना तरुणांनी काय पाहावे

वाहन चालवण्याचा परवाना हाती आला, नोकरीचे पहिले वर्ष पार पडले की अनेक तरुणांच्या मनात स्वतःच्या चारचाकीचा विचार डोकावू लागतो. नव्या स्पोर्टी गाडीची किंमत आवाक्याबाहेर असते. त्यामुळे नजर वळते ती वापरलेल्या गाड्यांकडे. गोव्यात अशा गाड्यांचा बाजार मोठा आहे आणि शेजारच्या बेळगाव, कोल्हापूर, पुण्याहूनही गाड्या येथे येत असतात. मात्र वेगवान गाडी पाच-सात वर्षांची झाल्यावर स्वस्त का होते, याचा विचार फारसा केला जात नाही. तिची विक्रीची किंमत उतरते. पण सुटे भाग, टायर आणि दुरुस्ती यांचे दर नव्या गाडीचेच राहतात. म्हणूनच अशा खरेदीत गाडीच्या ताकदीपेक्षा तिची अवस्था अधिक मोलाची ठरते.

स्पोर्टी म्हणजे नेमके काय?

केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून गाडी स्पोर्टी ठरत नाही. गाडीचे वजन, सस्पेन्शनचा ताठपणा, स्टिअरिंगची अचूकता, ब्रेकची क्षमता आणि टायरची पकड यांचा मेळ जमला तरच गाडी वळणावर विश्वासाने चालते. चोर्ला किंवा अनमोड घाटात शंभर अश्वशक्तीची, हलकी आणि सुस्थितीतील गाडी जो आनंद देते, तो दीडशे अश्वशक्तीची पण झिजलेल्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरची गाडी देऊ शकत नाही. गोव्यातील गावागावांतले अरुंद रस्ते, दुचाकींची वर्दळ आणि रात्री रस्त्यावर बसलेली गुरे लक्षात घेता येथे वेगापेक्षा थांबण्याची क्षमता अधिक कामी येते.

बाजारातील प्रमुख पर्याय

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही गाडी २०१३ मध्ये भारतात आली. तिचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १०५ अश्वशक्ती देते आणि त्याला सात गतींचा दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स जोडलेला आहे. हा गिअरबॉक्स झटपट चालतो. परंतु त्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाल्यास खर्च मोठा येतो. २०२० नंतरच्या पोलोत १.० लिटरचे ११० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आले व त्यासोबत सहा गतींचा मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळू लागला. २०२२ मध्ये पोलोचे भारतातील उत्पादन थांबले, तरी याच घराण्यातील इंजिन टायगुन व व्हर्टस या गाड्यांत वापरले जात असल्याने त्याची माहिती असणारे मेकॅनिक मिळतात.

मारुती बलेनो आरएस २०१७ मध्ये आली. १.० लिटरचे टर्बो इंजिन, १०२ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक ही तिची वैशिष्ट्ये. बीएस-६ निकष लागू होण्याच्या सुमारास ती बंद झाली. मात्र याच इंजिनाची सुधारित आवृत्ती २०२३ पासून फ्राँक्समध्ये आहे आणि मारुतीचे सेवाजाळे सर्वदूर आहे.

ह्युंदाई आय२० एन लाइन २०२१ मध्ये दाखल झाली. १२० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, अधिक ताठ सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली ही गाडी तुलनेने नवी असल्याने महागही आहे.

फियाट अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली. १.४ लिटरचे टर्बो इंजिन आणि १४५ अश्वशक्ती, हे या किमतीत मोहात पाडणारे आकडे आहेत. परंतु फियाटने भारतातील गाड्यांची विक्री थांबवली असल्याने बंपर, दिवे, काचा यांसारखे भाग शोधण्यात वेळ जातो. फोर्डनेही भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर केला. त्यामुळे १०० अश्वशक्तीची डिझेल फिगो चालवण्यास उत्तम असली, तरी सुट्या भागांची चौकशी आधी केलेली बरी. ज्याच्याकडे एकच गाडी असेल आणि तीच रोज कामावर न्यावयाची असेल, त्याने अशा गाडीचा विचार जपून करावा.

स्पोर्टी म्हणून विकली न गेलेली, तरीही चालवण्यास चपळ अशी गाडी म्हणजे मारुती स्विफ्ट. २०१८ मध्ये आलेल्या पिढीची पेट्रोल गाडी ९०० किलोंहून हलकी आहे. कमी ताकदीतही ती उत्साहाने धावते आणि देखभाल स्वस्त पडते. ग्लोबल एनकॅपच्या २०१८ च्या चाचणीत मात्र तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी दोनच तारे मिळाले होते, ही तिची उणी बाजू.

सुरक्षेची वर्षे ध्यानात ठेवावीत

वापरलेल्या गाडीचे उत्पादन वर्ष हा केवळ किमतीचा प्रश्न नाही. भारतात सर्व नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले ते एप्रिल २०१९ पासून. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅग २०२१ च्या अखेरीस. त्यापूर्वीच्या गाड्यांत ही साधने मॉडेलच्या प्रकारानुसार असत किंवा नसत. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या पहिल्या भारतीय चाचण्यांत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, तर दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्यांत जीव वाचण्या-न वाचण्याइतके अंतर असू शकते. तरुण चालकाने एबीएस व दोन एअरबॅग नसलेली गाडी, कितीही स्वस्त असली तरी, यादीतून वगळावी.

पाहणीच्या वेळी किल्ली फिरवली असता एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता दिव्याची जोडणी तोडली असण्याची शक्यता असते.

किनारपट्टीवरील गाडीची पाहणी

समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गाडीला गंज लवकर चढतो. चोडण-रायबंदरसारख्या फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या तळाला खाऱ्या पाण्याचे शिंतोडे लागलेले असतात. त्यामुळे वरचा रंग चकाकतो म्हणून समाधान मानू नये. गाडी गॅरेजमध्ये उचलून तिचा तळ, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनचे जोड, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीत स्टेपनी ठेवण्याची खोबण पाहावी. तळाला नुकताच काळा लेप दिला असेल, तर त्याखाली काय आहे याची चौकशी करावी.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत कुबट वास येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास त्यावर चिखलाची रेघ दिसते, सीटखालचे स्क्रू गंजलेले असतात. पावसाळ्यात गाडी पाहण्याचा एक लाभ असा, की गळती, वायपर, एसी आणि काचांवरील धुके यांची परीक्षा आपोआप होते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. सुरू करताच निळसर धूर निघत असेल, तर इंजिन किंवा टर्बो तेल जाळत असल्याची ती खूण असते. टर्बो इंजिनाला वेळेवर तेल बदलण्याची सवय फार महत्त्वाची; त्यामुळे सर्व्हिसची नोंदवही पूर्ण आहे का, हे पाहावे. दुहेरी क्लचची गाडी पणजीच्या आल्तिन्होसारख्या चढावर हळू, पुढे-मागे नेऊन पाहावी. झटके किंवा थरथर जाणवल्यास तो व्यवहार टाळावा.

टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. टायर फक्त आतल्या कडेला झिजला असेल, तर चाकांची जुळणी बिघडलेली असते किंवा सस्पेन्शन वाकलेले असते. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, असा विसंवाद दिसल्यास मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यावा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, तेही मोकळ्या रस्त्यावर तपासावे. ओळखीच्या, पण विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून संगणकीय स्कॅनरने तपासणी करून घेण्याचा खर्च पुढील मोठ्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो.

कागदपत्रे आणि परराज्यातील गाड्या

गाडीचा क्रमांक टाकून परिवहन खात्याच्या एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणी, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत पाहता येते. थकीत दंडही ऑनलाइन तपासावा. चेसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावेत. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. अशी गाडी पुढे खासगी नोंदणीत बदलून विकली जाऊ शकते. अनेक अनोळखी हातांनी चालवलेल्या गाडीचा क्लच आणि सस्पेन्शन बारकाईने तपासावे आणि नोंदणीचा इतिहास विचारावा.

मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३०, कर्ज फेडलेले असल्यास बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि गाडी परराज्यातून आणायची असल्यास फॉर्म २८ अन्वये ना-हरकत दाखला लागतो. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास येथील नोंदणी क्रमांक घेणे आवश्यक असते आणि येथील रस्ता कर भरावा लागतो. बेळगावची गाडी स्वस्त वाटली, तरी हा कर धरूनच तुलना करावी. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यानंतर तेथील अनेक गाड्या कमी भावात इतर राज्यांत गेल्या. अशा गाडीची नोंदणी अद्याप वैध आहे का, हे आधी पाहावे.

सही केलेले कोरे फॉर्म घेऊन 'नाव नंतर बदलू' असे म्हणणे धोक्याचे आहे. नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच कायद्याने मालक व भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमाही चौदा दिवसांच्या आत नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो; तसे न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

बदल केलेली गाडी नकोच

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंग, रुंद चाके किंवा इंजिनाच्या संगणकात केलेले फेरफार यांमुळे गाडी आकर्षक भासते. मात्र उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. मोटार वाहन कायद्यानुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय अशी गाडी बहुधा ताणून चालवलेली असते आणि विमा कंपनी दावा नाकारण्याची शक्यता राहते.

अंदाजपत्रक कसे आखावे

हाताशी असलेले सर्व पैसे गाडीच्या किमतीत घालू नयेत. समजा, एकूण पाच लाख रुपये उपलब्ध आहेत. तर सुमारे चार लाखांपर्यंतची गाडी शोधावी आणि उरलेले एक लाख हस्तांतरण, विमा, चार टायर, ब्रेक पॅड, सर्व तेले व बॅटरी यांसाठी राखून ठेवावेत. थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा आहे. इंजिन मोठे, तसा हा बोजाही वाढतो. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा नव्या गाडीपेक्षा अधिक असतो, हेही हिशेबात धरावे.

पालकांनीही एक बाब ध्यानात ठेवावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिल्यास २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

दोन गाड्यांत निवड करण्याची वेळ आली, तर एकाच मालकाची, पूर्ण नोंदवही असलेली आणि अपघातमुक्त गाडी घ्यावी. दुसरीत वीस अश्वशक्ती अधिक असली तरी हरकत नाही. खरेदीनंतर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल व ब्रेक ऑइल बदलून, चाकांची जुळणी करून घ्यावी आणि त्यानंतरच घाटाची वाट धरावी.