तळटीप १४ : कानात रातकिडे

१४. कानात रातकिडे : येथे कर्णनाद. बाहेर काही वाजत नसताना कानात शीळ, कुईं वा घूं ऐकू येणे. सुश्रुतसंहितेतील २८ कर्णरोगांपैकी एक. निवेदक ताडकळसचा (ता. पूर्णा, जि. परभणी); त्याने मळणीयंत्राजवळ हंगामच्या हंगाम काढले आहेत, आणि अशा गोंगाटाने आतल्या कानातील केसपेशी कायमच्या निकामी होऊ शकतात. शांततेत नाद ठळक होतो, झोप उडते; म्हणून निवेदक उशाशी रेडिओ लावतो. हमखास औषध नाही. मळ असल्यास तो काढणे, श्रवणयंत्र, मंद पार्श्वध्वनी व समुपदेशन यांनी त्रास घटतो. नाद एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.