ज्युपिटर सिम्फनी: सहा आठवडे की चोवीस वर्षं?

१९६१ च्या 'छाया' सिनेमातलं तलत महमूद आणि लतादीदींचं ते द्वंद्वगीत घरच्या रेडिओवर कधीतरी कानावर पडलंच असेल. त्याची सुरुवातीची चाल सलील चौधरींनी मोत्झार्टच्या ४० व्या सिम्फनीवरून घेतली. म्हणजे मोत्झार्ट परभणीला, जिंतूरला, गंगाखेडला कधीच पोचलाय, फक्त आपल्याला नाव माहीत नव्हतं. आज बोलूया तिच्या पाठच्या भावंडाबद्दल: ४१ वी सिम्फनी, जिला पुढे लोकांनी 'ज्युपिटर' म्हटलं. सिम्फनी म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुतेक वेळा चार भागांची रचना.

साल १७८८, गाव व्हिएन्ना. ऑस्ट्रिया तुर्कांशी लढतोय, मैफली कमी झाल्यात. मोत्झार्ट मित्राला, पुखबर्गला, उसने पैसे मागणारी पत्रं लिहितोय. २६ जूनला ३९ वी सिम्फनी पूर्ण झाली आणि तीनच दिवसांनी त्याची सहा महिन्यांची मुलगी टेरेझिया वारली. २५ जुलैला ४० वी संपली, १० ऑगस्टला ४१ वी. साधारण सहा आठवड्यांत तीन सिम्फनी! (त्याच १० ऑगस्टला इकडे दिल्लीत गुलाम कादिरने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, आणि पुढे महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली घेतली. काळ कोणता, ते लक्षात यावं म्हणून सांगितलं.)

आता सगळे म्हणणार, दुःखातून कला जन्मते. पण ४१ वी ऐका. ट्रम्पेट, नगारे, सगळा उत्सव. मग हे आलं कुठून?

उत्तर शेवटच्या भागात आहे. तो सुरू होतो चार लांब स्वरांनी: सा रे म ग. बस्स, एवढंच. चर्चच्या गाण्यात आधीपासून रुळलेला तुकडा. मोत्झार्टने तो १७६४ मध्ये, आठ वर्षांचा असताना, आपल्या पहिल्याच सिम्फनीच्या दुसऱ्या भागात वापरला होता. १७७४ मध्ये चर्चसाठी लिहिलेल्या एका रचनेतही तो आहे. मग १७८२ च्या सुमारास तो दर रविवारी बॅरन फान स्वीटनच्या घरी जायला लागला. तिथे बाख आणि हँडेल वाजायचे, जुन्या वळणाचे म्हणून मागे पडलेले. तिथे त्याने काउंटरपॉइंटचा नव्याने अभ्यास केला.

काउंटरपॉइंट म्हणजे काय? आपल्या भजनात बुवा ओळ म्हणतात आणि टाळकरी तीच ओळ उचलतात. चाल एकच. इथे मात्र प्रत्येक वाद्य स्वतःची वेगळी चाल घेऊन एकाच वेळी बोलतं, तरी गोंधळ होत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पाच थ्रेड एकदम चालू आहेत आणि एकही अडकत नाही. या भागात मोत्झार्ट पाच छोट्या चाली एकेक करून ओळखीच्या करून देतो आणि अगदी शेवटी पाचही एकमेकींवर रचतो. वरची चाल खाली जाते, खालची वर येते, आणि मधूनच ते सा रे म ग.

म्हणून मला 'सहा आठवड्यांत लिहिली' हे अर्धंच खरं वाटतं. लिहायला सहा आठवडे, पण ते चार स्वर त्याच्यासोबत चोवीस वर्षं होते. हातात पैसा नाही, घरात मूल गेलेलं. अशा वेळी कामाला आली ती आधीची शिदोरी.

ऐकताना एक करा. इअरफोन लावा, चौथा भाग दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त सा रे म ग शोधा. दुसऱ्यांदा सर्वात खालचा, जाड आवाजाचा बास धरा आणि शेवटच्या मिनिटाभरात तो सोडू नका. वरची गर्दी आपोआप वेगवेगळी ऐकू यायला लागेल.

तुम्हाला किती चाली सापडल्या, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!