पेरणीच्या महिन्यातली फी

जुलैत आमच्या जानेफळचा पैसा जमिनीत असतो. मृगाचा पाऊस पडला की सोयाबीनचं बियाणं, खताच्या बॅगा, ट्रॅक्टरचं भाडं, निंदणाची मजुरी यांत घरातली रोकड जाते. ती परत येते दिवाळीच्या तोंडावर, माल मेहकरच्या बाजारात गेल्यावर. कॉलेजची फी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये भरावी लागते. आणि सरकारची शिष्यवृत्ती येते मार्चात, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी. फी, पीक आणि शिष्यवृत्ती या तिघांच्या तारखा माझ्या माहितीत तरी कधी जुळल्या नाहीत. मी उभी नोकरी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर केली. तारखांमधली ही फट कोणकोणत्या काळात कोणी बुजवली, आणि आता ती बुजवणारं कोणी का उरलं नाही, हे मला सांगायचं आहे.

वऱ्हाडातल्या मुलाला कॉलेज म्हणजे आधी नागपूरच होतं. तिथे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघालं. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज यायला १९२३ साल उजाडलं. मेहकर तालुक्याला आजही रेल्वे नाही, तेव्हाची तर गोष्टच सोडा. नागपूरला मुलगा ठेवायचा म्हणजे खोली, खानावळ, फी आणि पुस्तकं, आणि हे सगळं कापूस वेचायच्या आधी. हे ज्यांना जमलं ती घरं वतनदारांची, सावकारांची नाहीतर सरकारी नोकरांची. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. नुसत्या चढाओढीने दिलेल्या शिष्यवृत्त्या दिसायला न्यायाच्या असल्या, तरी ज्या जातींत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यापर्यंत त्या जात नाहीत. त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. इतक्या वर्षांपूर्वीचं ते निवेदन आजही माझ्या टेबलावरच्या कागदांना लागू पडतं.

पंजाबराव देशमुख आमच्या वऱ्हाडातले, पापळचे. ते १९२० मध्ये विलायतेला गेले तेव्हा शेतकरी वडिलांनी कर्ज काढलं होतं. पुढे एडिनबर्गला त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, पण पहिला पैसा घरचा, तोही उसनवारीचा. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि पुढे शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. शिक्षणाआधी राहण्या-जेवण्याची सोय हवी, हे त्यांना स्वतःच्या घरातून कळलं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्यामागेही हाच विचार होता. बोर्डिंगमध्ये मुलगा पोचला की त्याचं जेवण सुरू व्हायचं, मंजुरीचा कागद येईपर्यंत त्याला उपाशी राहावं लागत नव्हतं.

पण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त शिकवून गेलेली गोष्ट बाबासाहेबांची आहे, आणि ती मी टेबलासमोर बसलेल्या किती मुलांना सांगितली असेल! ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास उरकून १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी, आणि पैसे बंद. त्यांना परत यावं लागलं.

इथे लंडन विद्यापीठाने जे केलं त्याकडे वाचकांनी नीट पाहावं. चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करा, अशी परवानगी विद्यापीठाने दिली. म्हणजे पैसा थांबला तरी जागा थांबून राहिली. मधल्या काळात बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून अपमान झाला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी झाली, पगारातून काटकसर झाली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला पोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी. विद्यापीठाने १९१७ मध्ये 'अमुक तारखेच्या सायंकाळी पाचपर्यंत' असं म्हटलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

पुढे १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून पैसा मिळावा म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आम्ही कारकून तिला 'जीओआय' म्हणायचो, खेड्यातले लोक 'भारत सरकारची'. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९५९ च्या सुमारास, 'ईबीसी' आली. वर्षाकाठी बाराशे रुपयांच्या आत ज्याचं उत्पन्न, त्याच्या मुलाची फी माफ, मग जात कोणतीही असो. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आमच्या भागातल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, डॉक्टरांना विचारा. दहांतले बरेच जण 'मी ईबीसीवर शिकलो' असंच सांगतील.

पैसा तेव्हाही उशिराच यायचा, हे मुद्दाम सांगतो. जुन्या दिवसांना उगाच सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. अर्ज जमा करायचे, तलाठ्याचा दाखला आणि गुणपत्रिका टाचायच्या, यादी करायची, समाजकल्याण खात्याकडे पाठवायची, त्रुटी निघाल्या की परत आणायची, मग मंजुरी, मग बिल, मग चेक. वाटपाच्या दिवशी मुलं रांगेत उभी राहायची आणि रेव्हेन्यू तिकिटावर सही करून पैसे घ्यायची. तोवर परीक्षा तोंडावर आलेली असायची. खानावळीची उधारी तुंबल्यामुळे दिवाळीला गावी गेलेला मुलगा परत आलाच नाही, असं दर वर्षी व्हायचं. त्या मुलांची नावं मंजूर यादीत यायची आणि रक्कम सरकारजमा करावी लागायची. ते चलन भरताना हात जड व्हायचा.

तरीही मुलगा दारातून परत जात नसे, याचं कारण एका ओळीत होतं. आमचे प्राचार्य अर्जाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने लिहायचे, 'फी बाकी ठेवून प्रवेश द्यावा.' बाप धोतराच्या सोग्याने घाम पुसत म्हणायचा, "सायेब, सोयाबीन निंघालं का आणून देतो." आणि बहुतेक आणून द्यायचे. कॉलेज मुलाला ओळखत होतं, त्याच्या गावाला ओळखत होतं, आणि जागा कॉलेजच्या हातात होती. ती उधारी वसूल करायला पुढे काही ठिकाणी टीसी अडवत, हॉल तिकीट अडवत, हेही खरं. तो अन्यायच होता. पण वर्गात बसलेल्या मुलावरचा तो अन्याय होता. आता मुलगा वर्गापर्यंतच पोचत नाही.

आता जागा संगणकाच्या हातात आहे. अभियांत्रिकी, फार्मसी, शेतकी या सगळ्यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांतून होतात. यातून वशिला गेला, डोनेशनवाल्यांची दादागिरी कमी झाली, हे मी मनापासून मान्य करतो. जानेफळच्या पोरीला पुण्याच्या चांगल्या कॉलेजची जागा घरबसल्या दिसते, हे आमच्या वेळी स्वप्नातही नव्हतं. पण जागा लागली की हजार रुपये जागा स्वीकृतीचे, मग दोन-चार दिवसांत कॉलेजात हजर व्हायचं, कागद दाखवायचे, फी भरायची. शिष्यवृत्ती मंजूर होणार की नाही, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचे शिष्यवृत्तीचे अर्ज बहुधा त्यानंतर सुरू होतात. म्हणजे आधी हमी द्यायची मुलाने आणि नंतर विचार करायचा सरकारने.

ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. वडील दीड एकरवाले, तिला दुसऱ्या फेरीत जिल्ह्याबाहेरच्या एका खासगी कॉलेजात जागा लागली. कॉलेजने सांगितलं, आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. असं मागायचं नाही, असे सरकारचे आदेश आहेत. ते मी स्वतः फायलीला लावलेले आहेत. पण आदेशाची झेरॉक्स घेऊन बाप कोणाशी भांडणार? अंतिम दिवस उलटला, जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला गेली. मुलगी जवळच बी.एस्सी.ला बसली. हुशार आहे, पुढे जाईलच, पण तिने निवडलेली वाट ही नव्हती.

२०१७ मध्ये महाडीबीटी सुरू झालं, तेव्हा पहिल्या वर्षी ते इतकं अडखळलं की शेवटी कागदावरचे अर्ज घ्यावे लागले. त्या हिवाळ्यात पोरं नेट कॅफेत रात्री जागायची, कारण दिवसा सर्व्हर चालत नसे. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत आपला वाटा ६० टक्के ठरवला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायचं ठरवलं. हेतू चांगला होता. पण एकाच फीचे दोन तुकडे दोन वाटांनी, दोन वेळी येऊ लागले, आणि मधल्या काळात कॉलेज मुलाच्याच मागे लागलं. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ करणारा शासन निर्णय निघाला ८ जुलै २०२४ ला, प्रवेशाच्या ऐन धांदलीत. हा मोठा निर्णय आहे, मी त्याचं स्वागत करतो. तोच मार्चात निघाला असता, तर किती बापांनी मुलीला दूरच्या कॉलेजचा पर्याय भरू दिला असता!

हे दुखणं आपल्याच राज्याचं नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली. २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत साडेसतरा हजार भरायचे होते. गावाने पैसे गोळा केले, पण काही मिनिटांचा उशीर झाला आणि संकेतस्थळ बंद झालं. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखाली त्याला जागा द्यायला लावली. त्याच सालच्या प्रवेशांसाठी अमेरिकेत सरकारी मदतीचा नवा अर्ज तीन महिने उशिरा खुला झाला, आणि मदत किती मिळणार हे कळायच्या आतच मुलांवर प्रवेश पक्का करायची वेळ आली. पण तिथल्या बऱ्याच कॉलेजांनी १ मे ची आपली ठरलेली तारीख पुढे ढकलली. मला हवं आहे ते एवढंच. मदतीला उशीर झाला तर तारीखही पुढे सरकली पाहिजे.

आमच्या शेजारच्या लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचा राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आला. त्याने उभी केलेली एकलव्य संस्था घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या मुलांना अर्ज, मुलाखती, मुदती यांची वाट दाखवते. जुन्या काळी बोर्डिंगने आणि प्राचार्यांनी जे केलं, ते आज अशी माणसं करतात. पण हे काम दोन-चार ध्येयवेड्यांवर सोडून सरकारने मोकळं होऊ नये. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला सरकारचाच, वैधता सरकारचीच, सीईटीचा निकालही सरकारचाच. मग पात्र मुलाचं हमीपत्र निकालासोबतच का निघू नये, आणि ते दाखवल्यावर एकही रुपया न घेता जागा पक्की का होऊ नये? लंडनच्या विद्यापीठाने एका परक्या मुलासाठी चार वर्षं वाट पाहायची तयारी ठेवली होती. आपल्या राज्याने आपल्या मुलांसाठी सोयाबीन निघेपर्यंत तरी थांबावं.

ते होईपर्यंत जानेफळ आणि आसपासच्या खेड्यांतून शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेल्यांना माझी विनंती आहे. तुमच्यातले बरेच ईबीसीवर, जीओआयवर, कुणाच्या तरी हिरव्या शाईवर शिकलात. गावात दहा जणांनी मिळून एक लहानसा निधी करा. जुलैत मुलाला फीपुरते पैसे बिनव्याजी द्या, नोव्हेंबरात त्याच्या बापाकडून परत घ्या. आणि ज्यांची मुलं यंदा बारावीत आहेत त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्याला आणि जात वैधतेला निकालाची वाट पाहू नये; अर्ज याच महिन्यात टाकावा.