परमचं कूळ

सेमाडोहच्या अंगाने वाहणारी सिपना पुढे तापीला मिळते. खंडू, खापरा, गाडगा, डोलार या मेळघाटातल्या बाकीच्या नद्याही तापीकडेच धावतात. त्यामुळे गाविलगडच्या डोंगरात रात्रभर कोसळलेला पाऊस पार उकाई धरणाच्या आणि सुरतेच्या हिशेबात धरावा लागतो. तोच पाऊस घाट उतरला की हात आखडता घेतो. परतवाड्याच्या खाली, मूर्तिजापूर-अकोल्याच्या काळ्या रानात, मृगाची एक सर येऊन गेली आणि मग त्याने दडी मारली, की पेरलेली सरकी मातीतच वाळते आणि दुबार पेरणी पदरी पडते. अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सांगितलं जाणारं भाकीत ऐकायला वऱ्हाडभरातून शेतकरी जमतात. पेरणीचा पैसा उधारीचा असला की पाऊस कधी येणार, हा प्रश्न जिवाचा होतो.

'परम' या भारतीय महासंगणकाची कथा सांगायची तर मला ती इथून सुरू करावीशी वाटते. एरवी ती अमेरिकेच्या नकारापासून सुरू होते आणि स्वाभिमानाच्या विजयापाशी संपते. नकार खरा होता, स्वाभिमानही खरा होता. पण महासंगणक मुळात हवा होता तो पावसाचं गणित करायला. आणि तो बांधणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी जो माणूस बसला, त्या डॉ. विजय भटकरांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मुरंब्याला झाला. मुरंबा हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातलं खेडं. पाऊस ओढ देतो म्हणजे काय होतं, हे त्या मुलखात कोणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

१९८७ साली देशभर मान्सूनने पाठ फिरवली, सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी पाऊस झाला. त्याआधीपासूनच भारत अमेरिकेकडे एक यंत्र मागत होता. क्रे कंपनीचा एक्स-एमपी/२४ हवा होता. यातला पहिला आकडा प्रोसेसरांचा, दुसरा स्मृतीचा. अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं आणि गुप्तलिपी या कामांनाही हेच यंत्र लागतं, म्हणून वॉशिंग्टनमध्ये बराच खल झाला. शेवटी मिळाला तो एक्स-एमपी/१४, म्हणजे दोनाऐवजी एकाच प्रोसेसरचा, आणि त्यावर हवामानाखेरीज दुसरं काही चालवायचं नाही या अटीवर. दिल्लीत १९८८ साली त्यासाठी मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं.

ज्या कंपनीचं हे यंत्र, तिचंही कूळ पाहण्यासारखं आहे. सेमूर क्रे विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावचा, जन्म १९२५. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी शत्रूची सांकेतिक लिपी फोडणाऱ्या काही मंडळींनी १९४६ साली सेंट पॉल शहरात 'इंजिनीअरिंग रिसर्च असोसिएट्स' नावाची कंपनी काढली. क्रे तिथे १९५१ मध्ये लागला. तिच्यातून फुटून १९५७ साली 'कंट्रोल डेटा' निघाली, क्रे तिच्यात गेला. कंपनी वाढली, बैठका वाढल्या, तेव्हा १९६२ साली तो आपली प्रयोगशाळा घेऊन सरळ गावी परतला. नदीकाठच्या झाडीत, मोजक्या माणसांच्या हातून, सीडीसी-६६०० हे त्या काळचं जगातलं सर्वांत वेगवान यंत्र तयार झालं. आयबीएमच्या प्रमुखांनी तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांना जाब विचारला होता, की झाडूवाल्यासकट चौतीस माणसांची प्रयोगशाळा आपल्यापुढे गेलीच कशी. १९७२ मध्ये क्रेने स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ मध्ये पहिला क्रे-१ लॉस अलामॉसला पोचला.

एवढ्या बारकाईने हे आपल्याला सांगता येतं, कारण तिथे कोणीतरी वेळेवर विचारून ठेवलं. मिनेसोटा विद्यापीठात १९८० पासून चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या इतिहासकारांनी आजूबाजूच्याच या जुन्या कंपन्यांतले अभियंते, हिशेबनीस, विक्रेते गाठले, टेपरेकॉर्डर पुढे ठेवला, तासन्‌तास बोलतं केलं आणि शब्दन्‌शब्द टंकून ठेवला. खुद्द क्रे मुलाखतींपासून चार हात लांब राहणारा माणूस. त्याची एक लांब मुलाखत स्मिथसोनियन संग्रहालयाने मे १९९५ मध्ये घेतली. पुढच्याच वर्षी मोटार अपघातानंतर तो गेला.

आता पुण्याकडे येऊ. मार्च १९८८ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'प्रगत संगणन विकास केंद्र', म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं सीडॅक, स्थापन केलं. काम देशी महासंगणक बांधण्याचं, मुदत तीन वर्षं, पैसा ३० कोटी. भटकर नागपूर, बडोदा, दिल्ली असं शिक्षण करून तेव्हा तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राचे संचालक होते. पंतप्रधान राजीव गांधींशी झालेली भेट ते अनेक भाषणांत सांगत आले आहेत. जमेल का, किती दिवसांत आणि किती पैशांत, असे तीन प्रश्न. पहिल्यावर त्यांचं उत्तर असं, की महासंगणक मी फक्त चित्रात पाहिलाय, पण जमेल. पुढच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांनी क्रेशी तुलना करून दिली: तो आणायला जेवढा वेळ लागतोय आणि त्याला जेवढा पैसा पडतोय, त्याहून कमी.

ही आठवण मला आवडते. मुरंब्याच्या माणसाचा ठाम स्वभाव त्यात दिसतो. पण ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचे सगळे कोपरे घासून गुळगुळीत झाले आहेत, आणि शाळा-कॉलेजांतल्या व्याख्यानांत परमची अख्खी कथा तेवढ्या एका भेटीवर भागवली जाते. 'जमेल' म्हटल्यानंतर ते जमवलं कोणी आणि कसं, हे त्या भेटीत कुठे आहे?

पहिला पेच असा होता. क्रेसारखा एकच अजस्र प्रोसेसर बनवायचा तर त्याचे सुटे भागही बंदीच्या यादीत. मग लहान प्रोसेसर घ्यायचे, जे बाजारात कोणालाही मिळतात, आणि पुष्कळ एकत्र जुंपायचे. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने नेमकी याच कामासाठी ट्रान्सप्युटर नावाची चिप काढली होती. १९८७ च्या टी-८०० या जातीत दशांश चिन्हाची आकडेमोड करणारा भाग चिपमध्येच बसवलेला होता, आणि प्रत्येक चिपला शेजारच्या चिपांशी बोलायला चार दुवे होते. परम-८००० मध्ये असे २५६ पर्यंत ट्रान्सप्युटर बसत. कोणाचा दुवा कोणाला जोडायचा, ही मांडणी कामाप्रमाणे बदलता येत असे. पूर्ण भरात ते यंत्र सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी करू शके. प्रत्यक्षात हाती येत ती याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढी.

बाकीचा वेग जायचा कुठे? खरी कारागिरी इथे आहे. हवामानाच्या गणितात वातावरणाचे चौकोन पाडतात. काही चौकोन या प्रोसेसरला, काही त्या. प्रत्येकाने आपल्या चौकोनातला वारा, दाब, ओल, उष्णता काढायची. पण वारा चौकोनाच्या कडेशी थांबत नाही, म्हणून दर पावलाला धुऱ्यावरच्या दोन शेतकऱ्यांसारखी कडेची देवाणघेवाण करावी लागते. ट्रान्सप्युटरची रीत अशी, की घेणारा तयार होईपर्यंत पाठवणारा हातातलं काम सोडून थांबतो. दोघंही एकाच वेळी एकमेकांना पाठवायला उभे राहिले तर दोघंही थांबतात. मग त्यांच्यामुळे त्यांचे शेजारी, आणि बघता बघता सगळं यंत्र गारठतं. चुकीचा संदेश नाही, काही नाही. एवढ्या ठिकाणांपैकी पहिला खोळंबा कुठे झाला, ते माग काढत शोधायचं. दुसरी अडचण खास मान्सूनची. ज्याच्या वाट्याला राजस्थानचं निरभ्र आकाश, त्याचं काम लवकर उरकतं. ज्याच्या वाट्याला बंगालच्या उपसागरावरचे ढग, त्याला ढगांची सगळी भौतिकी सोडवत बसावं लागतं, आणि त्याचं होईपर्यंत बाकीचे ताटकळतात. काम नुसतं सारखं वाटून चालत नाही, जड-हलकं पाहून वाटावं लागतं.

तरुण अभियंत्यांच्या एका फळीने हे पुण्याला, विद्यापीठाच्या आवारात बसून सोडवलं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हा त्रास कमी व्हावा म्हणून त्यांनी 'पारस' नावाची सॉफ्टवेअरची सगळी चौकट उभी केली. १९९० मध्ये नमुना झ्युरिकच्या प्रदर्शनात गेला, १९९१ मध्ये परम-८००० जाहीर झाला, पुढे त्यातला एक मॉस्कोच्या संस्थेतही बसला. ठरल्या मुदतीत, ठरल्या पैशांत. आपल्याकडे सरकारी कामाबद्दल हे वाक्य किती वेळा लिहायला मिळतं?

कूळ सांगताना भाऊबंद लपवू नयेत. समांतर संगणक बांधणारं सीडॅक हे देशातलं पहिलं घर नव्हतं. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने 'फ्लोसॉल्व्हर' १९८६ मध्येच चालू केला होता. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुपम' बांधला. त्याही आधी, १९६० साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने 'टिफ्रॅक' हा पूर्ण वाढीचा संगणक आपल्या हातांनी उभा केला होता. आणि दिल्लीचा रोजचा हवामान अंदाज परम आल्यावरही पुढची काही वर्षं क्रेवरच निघत राहिला. हे सांगितल्याने परमला उणेपणा येत नाही. उलट, तो एका पिढीच्या खटपटीतून आला हे कळतं.

सीडॅकच्याच घरातला आणखी एक भाऊ तुमच्या-माझ्या जास्त ओळखीचा आहे. आयआयटी कानपूरला आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या कामातून 'जिस्ट' निघालं, म्हणजे भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणणारं तंत्र. तांबे ते घेऊन सीडॅकमध्ये आले. जिस्टचं कार्ड साध्या पीसीच्या खाचेत बसवलं की काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागचा संकेत १९९१ साली भारतीय मानक ठरला. सरकारी कचेऱ्यांतलं 'आयएसएम' हे सॉफ्टवेअर, 'डीव्हीबी-टीटी सुरेख' आणि 'योगेश' हे टाईप, ज्यांच्यात निमंत्रणपत्रिकांपासून जाहीर सूचनांपर्यंत सगळं छापलं गेलं, ते या शाखेचे. अमरावतीच्या एखाद्या डीटीपीवाल्याला परम माहीत नसेल, सुरेख नक्की माहीत असतो. माझ्या मते या शाखेचा इतिहास परमपेक्षाही जास्त निसटता आहे. जोडाक्षर कुठे तुटायचं, रफार कुठल्या अक्षरावर जाऊन बसायचा, ऱ्ह नीट यायला काय करावं लागलं, हे कुठल्याही अहवालात सापडायचं नाही. 'वऱ्हाड' हा शब्द पडद्यावर धड यावा म्हणून कोणीतरी डोकं लावलं आहे.

इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी क्रिस गोपालकृष्णन यांनी भारतीय माहिती तंत्रज्ञानाच्या जुन्या मंडळींच्या चित्रित मुलाखती 'इतिहास' या प्रकल्पात २०१६ मध्ये खुल्या केल्या. मोलाचं काम आहे. पण अशा कामात आधी नेतेमंडळी येतात, आणि ते साहजिकच आहे. परमच्या बाबतीत मला खालच्या मजल्यावरची माणसं हवी आहेत: बोर्डांचे आराखडे काढणारे, पुरवठादारांकडे चिपांसाठी पाठपुरावा करणारे, झ्युरिकला जाण्यासाठी नमुना पेटाऱ्यात बांधणारे, पारसची माहितीपुस्तिका लिहिणारे. १९८८ साली जे पंचविशीत होते, ते आज साठी ओलांडून निवृत्त झाले आहेत. त्यातले बरेच पुण्यातच राहतात. मराठीत विचारलं तर मराठीत सांगतील, आणि इंग्रजी मुलाखतीत जे येत नाही ते मराठीत येईल: राग, धास्ती, कोणाच्या घरून रात्रीचा डबा यायचा ते.

विचारायची रीत मात्र पाळावी लागेल. 'तुमचं योगदान काय' असं विचारलं की माणूस भाषण करतो. पहिला दिवस कुठल्या खोलीत काढला, टेबलावर काय होतं, पहिला खोळंबा सापडायला किती रात्री गेल्या, कुठलं काम अर्धवट सोडून दिलं, असं विचारलं की माणूस आठवायला लागतो. एकाच प्रसंगाबद्दल तिघांना वेगवेगळं विचारावं आणि उत्तरं जुळली नाहीत तर तिन्ही तशीच ठेवावीत. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं. तिथल्या संगणक विभागातल्या मुलांना शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावाच लागतो. त्यांतल्या चौघांनी हा घेतला तर फोनमधल्या रेकॉर्डरखेरीज काही लागणार नाही.

आणि त्यांनी पावसाचंही विचारावं. १९९० च्या दशकात दिल्लीच्या केंद्राचं टी-८० हे प्रारूप समांतर यंत्रांवर बसवण्याचं काम सीडॅकसह देशातल्या अनेक गटांनी केलं. त्या प्रारूपाचा एक चौकोन साधारण दीडशे किलोमीटरचा. म्हणजे चिखलदऱ्याचं पठार, सेमाडोहचं खोरं आणि मुरंब्याचं काळं रान हे सगळं एका-दोन चौकोनांत. गाविलगडचा कडा त्या गणितात सपाट होऊन जाई, आणि घाटावर झोडपणारा व घाटाखाली दडी मारणारा पाऊस वेगळा दिसायला जागाच नसे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' आला आणि चौकोन बारा किलोमीटरांवर आला. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीममध्ये तो सहा किलोमीटरांचा आहे. आता सेमाडोह, चिखलदरा आणि परतवाडा यांना गणितात वेगवेगळे चौकोन आहेत.